कासवाचा फसलेला त्रिकोण

सहा वर्षांच्या भाचीसमोर मी एकदा यंत्र होऊन उभा राहिलो. नियम एकच: ती सांगेल तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. मला दारापर्यंत नेणं हे तिचं काम.

"पुढे जा," तिने फर्मावलं. मी निघालो तो थेट भिंतीला नाक टेकलं तरी पाय आपटतच राहिलो. हसून हसून तिची पुरेवाट झाली. मग तिने ते अंतर स्वतः चालून मोजलं आणि हुकूम सोडला, "आठ पावलं पुढे." मी दार ओलांडून कुठच्या कुठे पोचलो, कारण आठ पावलं तिची होती आणि टाकली मी. "अरे मामा, माझी पावलं!" पण यंत्राला 'माझी' कळत नाही. तिने थोडा विचार करून आकडा चारवर आणला.

प्रोग्रॅमिंगचा बराचसा भाग एवढाच आहे. मनात काय होतं आणि तोंडातून काय गेलं, यातली फट शोधायची आणि बुजवायची. त्यासाठी सुरुवातीला संगणकसुद्धा लागत नाही.

ही वाट जुनी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे गणिती. मुलं स्वतः खटपट करून ज्ञान उभं करतात, असं मांडणाऱ्या जाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनीव्हात काही वर्षं काम केलं होतं. लोगोला पुढे एक कासव मिळालं. आधी ते जमिनीवर फिरणारं, पोटात पेन असलेलं खरंखुरं यंत्र होतं, नंतर पडद्यावरची छोटी आकृती झालं. पुढे इतकं जा, उजवीकडे इतकं वळ, एवढं सांगितलं की मागे रेघ उमटते.

चौकोन सोपा. १०० पुढे, ९० अंश उजवीकडे, हेच चार वेळा. गंमत त्रिकोणापासून सुरू होते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असलेलं मूल बिनधास्त ६० लिहितं आणि तीनदा करायला सांगतं. कासव तीन बाजू काढून थांबतं, पण त्रिकोण मिटतच नाही. पडद्यावर असतो अर्धा षटकोन.

इथे मोठ्यांचा हात शिवशिवतो. "अगं, १२० कर ना!" हे वाक्य गिळायला खरंच कष्ट पडतात. ते गिळावं आणि मुलाला म्हणावं, तूच कासव हो, चालून बघ. एक बाजू चालून संपली की ज्या दिशेला तोंड आहे, तिथून किती वळायचं? आकृतीच्या आतला कोन ६० चा असला तरी वळणारं शरीर बाहेरच्या बाजूने वळतं, म्हणजे १२० अंश. पूर्ण फेरी मारून पुन्हा पहिल्यासारखं तोंड करून उभं राहायचं, तर एकूण वळण ३६० भरलंच पाहिजे. बाजू तीन, म्हणून प्रत्येक वेळी १२०. मग पंचकोन ७२ ने येतो, हे सांगावं लागत नाही. एखादं पोर एक पाऊल, एक अंश, असं ३६० वेळा करून बघतं आणि वर्तुळ मिळाल्यावर हरखून जातं.

ही झाली थोड्या मोठ्या मुलांची गोष्ट. ज्यांना अक्षरंच येत नाहीत त्यांचं काय? १९७० च्या दशकात रेडिया पर्लमन या अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या विद्यार्थिनीने अगदी चिमुरड्यांसाठी कीबोर्डच बाजूला काढला. तिच्या एका यंत्रात आज्ञांची कार्डं रांगेने खाचांत उभी करायची आणि बटण दाबायचं. ज्या कार्डाची पाळी, त्याच्यापाशी दिवा लागायचा. कासव चुकीच्या दिशेला वळलं की दिवा कुठे आहे ते बघायचं, ते कार्ड उपसायचं, दुसरं खोचायचं. चूक बोटाने दाखवता येणं, ही मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. (याच पर्लमन बाईंनी पुढे संगणकांच्या जाळ्यात माहिती गोल गोल फिरत राहू नये म्हणून वापरली जाणारी एक मूलभूत पद्धत शोधली.)

आज पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये आलेलं 'स्क्रॅचज्युनिअर' हे ॲप आहे. चित्रांचे ठोकळे जोडायचे, वाचता आलंच पाहिजे असं नाही. चांगलं आहे. मात्र एकच बरोबर उत्तर असलेली, ते मिळालं की तारे उधळणारी 'कोडिंग'ची ॲप्स मला पटत नाहीत. तिथे मूल कोडी सोडवतं, पण 'असं केलं तर काय होईल?' हा प्रश्न त्याला पडायला जागाच उरत नाही.

दारापर्यंत पोचल्यावर आम्ही अदलाबदल केली. आता ती यंत्र, मी हुकूम सोडणार. आकडे, दिशा, पावलं कुणाची, सगळं चोख सांगून मी तिला दारासमोर आणलं आणि ऐटीत म्हणालो, "आता दार उघड."

ती वळली आणि तिने शेजारच्या कपाटाचं दार उघडलं.