ढगात विमान कललेलं अंगाला कळतं?

मुरलेल्या वैमानिकाला ढगातही विमान कललेलं बसल्या जागी कळतं, उपकरणं फक्त खात्रीपुरती, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे आणि जीवघेणाही.

कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळणाची चाहूल देतो. पण वळण एकाच गतीने चालू राहिलं की १०-२० सेकंदांत तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि विमान सरळ चाललंय असं वाटतं. मग खरोखर सरळ केलं, की उलट बाजूला कलल्याचा भास! कितीही तास उड्डाण केलं तरी कान बदलत नाही.

म्हणून नजर फिरती ठेवायला शिकवतात: कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारं उपकरण), दिशादर्शक, परत क्षितिज, उंचीमापक, परत क्षितिज, वेगमापक. एकाच उपकरणावर खिळणंही घातक. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून निघालेल्या एअर इंडियाच्या ८५५ क्रमांकाच्या उड्डाणात कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिजच बिघडलं. खाली काळोखा समुद्र. विमान उजवीकडे कललंय असं समजून ते डावीकडे कलवत नेलं गेलं आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. फ्लाइट इंजिनिअरने राखीव उपकरणाकडे लक्ष वेधलं, तोवर उशीर झाला होता.