एक सुलट, एक उलट: बॉर्डरची वीण आणि दाण्याची वीण

लोकरीच्या विणकामात सुलट टाका जमला, उलट जमला, की शिकणारीला सांगितलं जातं, "आता एक सुलट, एक उलट घे." ती चार बोटं विणते आणि बघते तर कधी उभ्या रेघांची बॉर्डर झालेली असते, कधी सगळीकडे दाणे उठलेले असतात. कधी कधी तर एकाच तुकड्यात खाली रेघा आणि वर दाणे. तोंडाने म्हणायचं सूत्र दोन्हींना तेच, पहिली ओळही तीच. शिवाय दोन्ही विणी पुढून-मागून सारख्याच दिसतात, त्यामुळे आपलं काय बिघडलं हे नवख्या हाताला कळतच नाही.

फरक दुसऱ्या ओळीपासून पडतो. रिब, म्हणजे स्वेटरच्या घेराला असते ती बॉर्डर, तिच्यात सुलटावर सुलट येतो आणि उलटावर उलट. मॉस, म्हणजे दाण्याची वीण, तिच्यात सुलटावर उलट आणि उलटावर सुलट. पण हे वाक्य पाठ करून भागत नाही, कारण प्रत्येक ओळीला काम पलटतं आणि मागच्या ओळीतला सुलट आता उलट दिसायला लागतो. तेव्हा मागे काय विणलं ते आठवत बसू नका. समोर काय दिसतं ते बघा.

डाव्या सुईवरचा पुढचा टाका घ्या आणि त्याच्या बुडाशी नीट बघा. फासाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन तिरके पाय दिसले तर तुमच्या बाजूने तो सुलट. फासाच्या गळ्याशी आडवी गाठ दिसली तर तो उलट. रिब हवी असेल तर दिसेल तेच विणा: व्हीवर सुलट, गाठीवर उलट. दाणा हवा असेल तर व्हीवर उलट, गाठीवर सुलट. हे एकदा डोळ्यांत बसलं की मध्येच दाराची बेल वाजू दे, कुकरची शिट्टी होऊ दे, परत येऊन कुठूनही धरता येतं.

आमच्या बेळगावात, शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत, मराठी-कानडी शेजार पहिल्यापासूनचा. मला विणायला शिकवलं त्या अक्का कानडी. टाके मोजायला त्यांनी कधी लावलंच नाही. टाक्यावर नख टेकवायचं आणि म्हणायचं, "नोडु," म्हणजे बघ. मी बघायची, काय दिसतं ते सांगायची, मगच सुई पुढे सरकायची. आज मुलींना शिकवताना मीही तेच करते, कारण याहून पक्की रीत मला ठाऊक नाही.

तरी मोजणीचं गणित समजून घ्यावं, कारण सगळा घोटाळा तिथेच जन्मतो. टाके सम असतील, समजा ४०, आणि प्रत्येक ओळ सुलटाने सुरू केली, तर ती उलटाने संपते आणि आपोआप रिब होते. टाके ४१ असतील तर सुलटाने सुरू केलेली ओळ सुलटानेच संपते आणि त्याच सूत्राने दाणे उठतात. म्हणजे एक टाका वाढला की वीण बदलली.

आणि हा टाका वाढतो कसा? सुलट विणताना लोकर कामाच्या मागे लागते, उलट विणताना पुढे. या दोन्ही विणींत दर टाक्याला ती दोन सुयांच्या मधून मागे-पुढे न्यावी लागते. मधून न नेता ती सुईवरून गेली की एक जादा वेटोळं सुईवर बसतं. पुढच्या ओळीत ते टाका समजून विणलं जातं, खाली बारीक भोक राहतं, आणि ४० चे ४१ झालेले असतात. त्यानंतर कितीही मन लावून "एक सुलट, एक उलट" म्हटलं तरी दाणेच येणार. वेटोळं पुढच्याच ओळीत दिसलं तर सरळ सुईवरून सोडून द्या, काही उसवत नाही. ओळ संपली की टाके मोजायची सवय पहिल्या दिवसापासून लावली तर कितीतरी उसवण वाचते.

दोन्ही विणींचे स्वभाव मात्र पार वेगळे. रिबमध्ये सुलट टाक्यांचे उभे रकाने पुढे येतात, उलटांचे मागे दबतात, आणि कापड पन्हाळी पत्र्यासारखं आवळून बसतं. ओढलं की ताणतं, सोडलं की परत मिटतं. म्हणून मनगट, गळा, कमरेचा घेर, टोपीची कड इथे रिब लागते. मॉसमध्ये प्रत्येक टाक्याचे खालचे-वरचे आणि आजूबाजूचे शेजारी त्याच्या विरुद्ध जातीचे. कुठेच रकाना धरत नाही, म्हणून कापड सपाट पडतं, कडा वळत नाहीत, पण अंगाला धरूनही राहत नाही. मॉसची कड घातलेली टोपी डोक्यावर टिकायची नाही.

रिबच्या या ताणाचं मोल यंत्रवाल्यांनाही कळलं होतं. इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ मध्ये पायमोजे विणायचं यंत्र काढलं, पण त्यावर साधी सुलट वीणच होई. जेडेडाया स्ट्रटने त्याला सुयांची दुसरी रांग जोडून रिब यंत्रावर आणली. त्याचं पेटंट १७५९ चं.

पहिली वस्तू कोणती करावी? माझ्या मते आधी रिब. रिबमध्ये चूक झाली की उभी रेघ तुटते आणि लगेच डोळ्यांत भरते, मॉसमध्ये चुकलेला टाका दाण्यांत लपतो. मफलर लांबलचक होतो आणि अर्ध्यातच पडून राहतो, म्हणून बिनबोटांचे हातमोजे करा. मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरच्या सुया, ४० टाके, वीतभर रिब. टाके बंद करतानाही सुलटाला सुलट, उलटाला उलट असंच आणि सैल हाताने करा, नाहीतर कड करकचून बसेल. मग तुकडा दुमडून बाजू शिवा, अंगठ्यापुरती फट सोडा. तसाच दुसरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर गाडीवरून कामाला जाणाऱ्याला बेळगावची थंडी आधी हातांना लागते, तेव्हा हे रोज वापरात येतात.

त्यानंतर मॉस. विषम टाके घालून, प्रत्येक ओळ सुलटाने सुरू करून बाळाचं दुपटं. बाळंतविड्यात ते शोभतंही आणि पाळण्यात सपाट पसरतं. सोबत टोपडं करणार असाल तर अंग ८ नंबरवर आणि रिबची कड १० नंबरवर घ्या. आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बाजारात मिळणारी स्वस्त लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते. आमच्याकडे पावसाळ्यात, खानापूरच्या बाजूला तर फारच, कपडे वाळत नाहीत म्हणून दमट कपड्यांवर इस्त्री फिरवायची सवय घरोघर आहे. ॲक्रिलिकच्या रिबवर गरम इस्त्री फिरली की घड्या मरतात, ताण जातो, आणि तो परत येत नाही. धुतलेला विणलेला कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग आडवा पसरून पंख्याखाली वाळवा, दोन दिवस लागले तरी चालतील.