जोडणीवरील भार

ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या वजनाचा जो हिस्सा तिच्या स्वतःच्या चाकांवर न पडता पुढच्या वाहनाच्या हुकावर किंवा बैलांच्या जुवावर पडतो, तो जोडणीवरील भार. तो कमी पडला तरी धोका, जास्त झाला तरी धोका.

बीड, धाराशिव, लातूरकडे ऊस गाळपाच्या हंगामात हे रोज पाहायला मिळते. टायरगाडीत मोळ्या मागच्या बाजूला जास्त रचल्या की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि जुपणी बैलाच्या गळ्याला आवळते. चढाला हे हमखास घडते, कारण उंच रचलेल्या उसाचा भार आखाच्या मागे सरकतो. जाणता गाडीवान अशा वेळी पुढे सरकून धुरेवर बसतो. उलट पुढे जास्त भरले, तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते आणि उताराला ते आणखी वाढते. मुक्या जनावराला ते सांगता येत नाही, म्हणून भरतानाच पाहिले पाहिजे.

दोनचाकी ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागे पडतो. त्यामुळे पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर नीट वळत नाही, चढाला तर पुढून उचलतो. पुढे लोखंडी वजने बसवतात ती यासाठीच. चारचाकी ट्रॉलीत हा प्रश्न फारसा येत नाही.

मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनसाठी अमेरिकेत तिच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवतात, म्हणजे १,५०० किलोला १५० ते २२५ किलो. एवढ्याने मोटार मागून दबते. तिथे भारविभाजक हूक वापरतात: हुकापासून कॅरॅव्हॅनच्या दांड्यापर्यंत दोन स्प्रिंगच्या पट्ट्या साखळ्यांनी ताणून बसवतात. त्या तरफेसारखे काम करून मागच्या चाकांवरचा काही भार मोटारीच्या पुढच्या आणि कॅरॅव्हॅनच्या चाकांवर नेतात. मात्र मोटारीची ओढण्याची क्षमता त्याने वाढत नाही, आणि मागे जड भरलेली कॅरॅव्हॅनही सुधारत नाही. अशी गाडी वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. तेव्हा मोटारीचा ब्रेक जोरात न दाबता ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे.

भार मोजायला वजनकाटा पुरतो. आधी एकटा ट्रॅक्टर तोलावा, मग भरलेली ट्रॉली जोडून तिची चाके काट्याबाहेर सपाट जागी ठेवून पुन्हा तोलावा. फरक येईल तेवढा भार हुकावर आहे.