वाचू की ऐकू? स्लाइडसमोर बसलेल्या मेंदूचा पेच

स्लाइडवर आठ ओळी आहेत आणि बोलणारा त्याच वाचून दाखवतो आहे. समोरचे लोक मनातल्या मनात भराभर वाचत पाचव्या ओळीवर पोहोचतात, तेव्हा वक्ता दुसरीवर असतो. मग धड वाचन होत नाही, धड ऐकणं होत नाही.

हे का होतं, याचा उलगडा मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या प्रारूपातून होतो. हाती आलेली माहिती क्षणभर धरून ठेवायला मेंदूकडे शब्दांसाठी एक वाट आहे आणि दृश्यांसाठी दुसरी. वाचलेला मजकूर डोळ्यांतून आत येत असला तरी मनात त्याचा उच्चार होतो आणि तो शब्दांच्याच वाटेला लागतो. वक्त्याचं बोलणंही तिथेच येतं. त्या वाटेवर कोंडी होते आणि दृश्यांची वाट रिकामी पडून राहते. जागाही फार नाही: मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरता येतात.

म्हणून वक्त्याने बोलावं आणि स्लाइडने दाखवावं. आकडेवारीचा तपशील, अटी, अपवाद हे सगळं वेगळ्या टिपणात लिहून बैठकीनंतर वाटावं. एकाच फाइलला पडद्यावरची स्लाइड आणि वाचायचा अहवाल अशी दोन्ही कामं करायला लावली, की दोन्ही बिघडतात.

मजकुराच्या उतरंडीत महत्त्वाची गोष्ट कशी हरवते, याचं वेदनादायक उदाहरण नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाचं आहे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला. शीर्षक धीर देणारं होतं. मात्र अगदी तळाच्या बुलेटमध्ये १९२० घन इंच आणि ३ घन इंच असे दोन आकडे होते. म्हणजे आदळलेला तुकडा आधीच्या चाचणीत वापरलेल्या तुकड्याच्या ६४० पट होता, त्यामुळे त्या चाचणीचे निष्कर्ष इथे लागू करणंच धोक्याचं होतं. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने ती स्लाइड आपल्या अहवालात छापली. तिथे शीर्षक असायला हवं होतं: ‘आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा आहे.’

शीर्षक हे असं पूर्ण वाक्य हवं, दोन ओळींत मावणारं. ‘तक्रारींचा आढावा’ यातून काहीच कळत नाही. ‘मार्चनंतर तक्रारी दुप्पट झाल्या, आणि वाढ एकाच उत्पादनातली आहे’ यातून सगळं कळतं. संगणक उघडण्याआधी अशी वाक्यं कागदावर एकाखाली एक लिहून मोठ्याने वाचा. मुद्दा तुटत असेल, तर तो रंगसंगतीने सांधला जाणार नाही.

शीर्षकाखाली पुरावा: छायाचित्र, आकृती किंवा आलेख. इथेच सर्वाधिक चुका होतात. संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की एकाच मोजपट्टीवरची जागा आपण अचूक जोखतो. कोन आणि क्षेत्रफळ जोखताना जास्त चुकतो. त्यामुळे २३ आणि २६ टक्क्यांतला फरक वर्तुळालेखात दिसेनासा होतो, स्तंभालेखात सहज दिसतो. स्तंभ शून्यापासूनच सुरू करा, कारण आपण त्यांची लांबी वाचतो. त्रिमितीय स्तंभ तर नकोच. त्यांचा माथा नेमका कोणत्या रेषेला भिडतो ते कळत नाही. कोणता रंग कशाचा हे सांगणारी रंगसूची कोपऱ्यात ठेवली, तर नजर सतत ये-जा करते, म्हणून नाव थेट रेषेच्या टोकाशी लिहा. सगळं राखाडी ठेवून मुद्द्याचा एकच स्तंभ रंगवा. डोळा शोध न घेता तिथेच जातो. लाल-हिरव्याची जोडी टाळा, कारण हा फरक काही जणांना दिसतच नाही; युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे.

अक्षरं पुरेशी मोठी आहेत का, हे घरीच मोजता येतं. पडदा १.५ मीटर उंच असेल आणि शेवटची रांग ९ मीटरवर असेल, तर अंतर उंचीच्या सहापट झालं. लॅपटॉपचा पडदा २० सेंटिमीटर उंच असेल तर १२० सेंटिमीटर मागे सरका. तिथून वाचता आलं नाही, तर शेवटच्या रांगेलाही येणार नाही. २४ पॉइंटच्या खाली सहसा जाऊ नये. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना भिडतात, म्हणून ओळींतलं अंतर वाढवा. बारीक रेषेचा फॉन्ट प्रोजेक्टरवर पुसट होतो, तोही टाळा.

नवी स्लाइड आली की दोन-तीन सेकंद थांबा. लोकांना आधी पाहू द्या. आकृती गुंतागुंतीची असेल तर भाग एकेक करून आणा, पण नुसते ‘दिसू’ द्या. फिरत येणारी अक्षरं नजर पळवतात. चर्चा सुरू झाली की पॉवरपॉइंटमध्ये ‘बी’ दाबा, पडदा काळा होतो आणि लक्ष माणसांकडे वळतं. संभाव्य प्रश्नांसाठीचे तक्ते शेवटी जोडून त्यांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. सादरीकरण चालू असताना क्रमांक टाइप करून ‘एंटर’ दाबलं, की मधल्या स्लाइड न उलटता थेट तिथे जाता येतं.