थायलंडचा मसाज: एका जुन्या समजाचा खुलासा

लातूर-नांदेडकडचा कोणी बँकॉकच्या सहलीहून परतला आणि ‘तिथे मसाज घेतला’ असे म्हणाला, की पारावरची मंडळी गालातल्या गालात हसू लागतात. थाई मसाज म्हणजे काहीतरी गैर, हा समज मराठवाड्यात वर्षानुवर्षे फिरतो आहे. मसाजच्या नावाखाली तसले धंदे तिथे चालतात हे नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्यावरून मूळ विद्येलाच बोल लावणे अन्यायाचे आहे.

‘नुआत थाई’ या पारंपरिक पद्धतीत अंग उघडे ठेवले जात नाही. उलट बहुतेक ठिकाणी आधी पाय धुऊन सैल सुती सदरा-पायजमा घालायला देतात, जमिनीवरच्या गादीवर झोपवतात आणि तेल न लावता अंगठे, तळहात, कोपर व गुडघे यांनी दाब देत हातपाय ताणतात. (चांगलेच दुखते, हे आधीच सांगितलेले बरे.) बँकॉकच्या वाट फो या बौद्ध मंदिरात एकोणिसाव्या शतकात, थायलंडचा राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत, दाबबिंदूंच्या आकृत्या शिळांवर कोरल्या गेल्या, तेथेच १९५५ मध्ये या विद्येची शाळा सुरू झाली आणि २०१९ मध्ये युनेस्कोने या विद्येला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. परंपरेने तिचे आद्य गुरू मानले जाणारे जीवक म्हणजे भगवान बुद्धांचे वैद्य. हे नाव आपल्याकडच्या विहारांत परके नाही.

गर्भवतींनी, हाडे ठिसूळ असलेल्यांनी व मणक्याचा त्रास असलेल्यांनी मात्र निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.