शीख-पाश्चात्त्य दुहेरी विवाह

वधूवरांपैकी एक शीख आणि दुसरा पाश्चात्त्य कुटुंबातला असेल, तर गुरुद्वारातील आनंद कारज म्हणजे शीख विवाहविधी आणि चर्चमधील किंवा नोंदणी कार्यालयातील विवाह असे दोन्ही विधी करण्याची पद्धत. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतील पंजाबी वस्त्यांत ती रुळली आहे. जुने गाजलेले उदाहरण पंजाबातील कपूरथळा संस्थानाचे महाराज जगतजितसिंग आणि स्पॅनिश नर्तकी अनिता देल्गादो यांचे. पॅरिसमधील नोंदणी विवाहानंतर १९०८ मध्ये कपूरथळ्यात त्यांचे शीख पद्धतीने लग्न लागले आणि अनिता प्रेमकौर झाली.

आनंद कारजात वधूवर एकमेकांना शब्दाने काहीच सांगत नाहीत. वधूचे वडील वराच्या खांद्यावरून आलेल्या पल्ल्याचे (उपरण्यासारख्या वस्त्राचे) टोक मुलीच्या हाती देतात. लावां या विवाहपदांतले एक पद वाचून झाले की दोघे गुरू ग्रंथसाहिबासमोर माथा टेकतात आणि रागी, म्हणजे कीर्तनगायक, तेच पद गाऊ लागले की उठून फेरा घेतात. टेकलेला माथा हीच संमती. ग्रंथ उजव्या हाताला, वर पुढे, वधू मागे, अग्नी नाही. चौथे गुरू रामदास यांची सूही रागातली ही पदे चार, म्हणून फेरेही चार. सप्तपदी मोजायला बसलेल्या मराठी पाहुण्याची इथे थोडी फसगत होते. तरी हा ग्रंथ त्याला अगदी परका नाही, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत.

इंग्लंडचा कायदा मात्र तोंडच्या शब्दांवर चालतो. विवाहाला काही अडथळा नसल्याची आणि परस्परांचा स्वीकार केल्याची ठरावीक वाक्ये दोघांनी साक्षीदारांसमोर उच्चारावीच लागतात. गुरुद्वाराची विवाहस्थळ म्हणून नोंद असेल तर हे तिथेच उरकते, नाहीतर नोंदणी वेगळी. आणि त्या नागरी समारंभाला धार्मिक रूप देता येत नाही. तेव्हा दोन समारंभ निव्वळ हौसेपोटी होतात असे म्हणणे बरोबर नाही.

सकाळी आनंद कारज, दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी दुसरा विधी, असा साधारण क्रम. गुरुद्वाराच्या दाराशी डोके झाकायला रुमालांची टोपली असते. सुटाबुटातले पाहुणे बूट काढून मांडी घालतात, तासाभराने गुडघे चोळू लागतात, आणि कडाह प्रसाद (तुपातला शिरा) ओंजळीत घेतल्यावर तुपाळ हातांचे काय करावे हे त्यांना कळत नाही. संध्याकाळी लाल लेहंग्याच्या जागी पांढरा झगा येतो. तो लोकप्रिय झाला राणी व्हिक्टोरियाच्या १८४० च्या लग्नापासून. पंजाबी आजीच्या लेखी मात्र पांढरा रंग शोकाचा. मग अंगठ्या, केक, पहिले नृत्य आणि शेवटी सगळ्यांचा भांगडा.

पद्धतीला विरोधही आहे. शीख रहित मर्यादा या शिखांच्या आचारसंहितेनुसार शीख धर्म न मानणाऱ्याचा आनंद कारज होऊ शकत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथे अशाच एका विवाहाविरुद्ध निदर्शने होऊन ५५ जणांना अटक झाली. २०२३ मध्ये अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने समुद्रकिनारी आणि रिसॉर्टमध्ये ग्रंथसाहिब नेऊन आनंद कारज करण्यास मनाई केली. त्यामुळे एकाच हिरवळीवर दोन्ही विधी उरकण्याचा बेतही आता नियमात बसत नाही. काही गुरुद्वारे अशा जोडप्यासाठी लावांऐवजी फक्त कीर्तन आणि अरदास म्हणजे सामूहिक प्रार्थना करतात.