पंप

पंप म्हणजे द्रवाला यांत्रिक ऊर्जा देऊन तो उंचावर, दूरवर किंवा जास्त दाबाच्या ठिकाणी पोचवणारे यंत्र. एक तर द्रवाला वेग द्यायचा, नाहीतर तो कोंडून पुढे ढकलायचा, अशा त्याच्या दोन मुख्य रीती आहेत.

मुंबईतील सोसायट्यांत दिसतो तो बहुधा पहिल्या रीतीचा केंद्रोत्सारी पंप. त्यात पाणी इंपेलरच्या, म्हणजे पाती असलेल्या फिरत्या चाकाच्या, मध्याशी येते, फिरत्या पात्यांनी कडेला फेकले जाते आणि रुंदावत जाणाऱ्या कवचात वेग मंदावून दाब वाढतो. मध्याशी दाब उतरला की खालच्या टाकीतल्या पाण्याला बाहेरची हवाच आत लोटते. हवेची ही मजल समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर, प्रत्यक्षात ७-८ मीटरच. म्हणून खोल बोअरवेलमध्ये पंपच पाण्यात उतरवतात. शोषण नळीच्या तळाची एकमार्गी झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गळकी असली की पंपात हवा शिरते आणि इंपेलर नुसता गरगरतो. उंच टॉवरसाठी एकाच दांड्यावर अनेक इंपेलर बसवतात.

पावसाच्या पाण्याचे गणित नेमके उलटे. भरतीच्या वेळी नाल्यांची मुखे समुद्राखाली जातात; दरवाजे बंद करून पाणी फार तर काही मीटर उचलायचे असते, पण ते अफाट. अशा कामाला अक्षीय (पाणी दांड्याच्या दिशेने ढकलणारे) किंवा मिश्रप्रवाही (काही दांड्याच्या दिशेने, काही कडेला फेकणारे) पंप लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडल्यावर पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या रखडलेल्या योजनेला गती आली आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध ही उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रे उभी राहिली. तिथला एक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. ते ५ मीटर उचलायला किमान २९४ किलोवॅट लागतात. सोसायटीचे सेकंदाला २ लिटर ६० मीटर चढवायला जेमतेम १.२ किलोवॅट. मात्र नाल्यातून पाणी पंपापर्यंत आलेच नाही, तर एवढी ताकद वाया. हिंदमातासारख्या सखल भागासाठी म्हणूनच जमिनीखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या.

दुसऱ्या रीतीत, म्हणजे कोंडून ढकलण्यात, दट्ट्या (पिस्टन), दातेरी चाके किंवा रूळ (रोलर) द्रवाचा ठरावीक घास पुढे सारतात. टॉवरच्या माथ्यावर काँक्रीट चढवणारा पंप दट्ट्याचा. डायलिसिस यंत्रातला रूळ नळी दाबत फिरतो, त्यामुळे पंपात रक्ताला नळीखेरीज कशाचा स्पर्श होत नाही. पुढची वाट बंद झाली तरी हे पंप ढकलतच राहतात आणि नळी फुटू शकते. म्हणून दट्ट्याच्या पंपाला दाब सोडणारी झडप हवीच. केंद्रोत्सारी पंप अशा वेळी थोडा काळ पाणी घुसळत राहतो, इतकेच.